एका सुताची चूक

"मिस्त्री, खांब हलतोय का हो?" आजींनी विचारलं. हलत नव्हता, पण तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, वर वीतभर लाकडात पेचकस भुसभुशीत मातीत शिरावा तसा शिरला.

नाशकात पूर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पाणी तिच्यावर कुठवर चढलं ते बघून. पंचवटीतल्या या आजींनी २०१९ च्या ऑगस्टातलं पाणी ओसरीच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. पूर ओसरल्यावर कुणीतरी ओल्याच खांबाला ऑइलपेंट फासला होता. लाकूड बुडातून पाणी ओढतं आणि वरून रंगाने वाट बंद. सागवान झालं म्हणून किती सोसणार?

तुळईला जॅक आणि दोन टेकू देऊन कुजका भाग कापला. जोडाला पाडलेल्या वाड्यातलं मुरलेलं सागवान आणलं होतं. भाच्याने त्यावर इलेक्ट्रिक रंधा फिरवला आणि कर्रर्र! आत घडीव खिळा. पाती गेली. मी पिशवीतून वडिलांचा रंधा काढला.

जोड तसाही हातानेच करायचा होता. भिंतीच्या बाजूने मशीन मावत नाही. पटाशीला, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीला, दगडावर धार लावली, मनगटावरचे केस निघेपर्यंत. सागात वाळूसारखा कण असतो, धार टिकत नाही, घडीघडी दगडाकडे जावं लागतं. लाकडाच्या तंतूंच्या रेषेच्या उलट गेलं की ते उचकटतं, पण हे डोळ्यांआधी कानाला कळतं. सुलट जाताना सूं, उलट जाताना खर्र. खांबाच्या खाचेला कोळशाची पूड फासायची, नवा तुकडा लावून काढायचा, काळं उमटेल तेवढंच तासायचं. पंधरा-सोळा वेळा तरी झालं असेल.

तेवढ्यात आजी चहा घेऊन आल्या, मी मान वळवली आणि पटाशी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त खोल गेली. भाच्याला वर्षभर 'नजर हलवू नको' म्हणून ओरडणारा मीच!

भुसा आणि फेव्हिकॉल भरून दाबता आलं असतं. पण ज्यावर भार येणार तिथे भुसा म्हणजे पोकळच. त्याच लाकडाची, त्याच रेषेची चीप काढून बसवली. सागाच्या दोन खुंट्या ठोकल्या. जॅक उतरवला तशी तुळई एकदा करकरली आणि जोड मिटला.

"ही रेघ दिसणार का हो?"

"दिसेल, आजी. रंग नका लावू आता, जवसाचं तेल लावा."

"मग दिसू दे," म्हणाल्या, आणि गार झालेला चहा गरम करायला परत घेऊन गेल्या.