लाइपझिगमध्ये संगीत, संस्कृत आणि तत्त्वज्ञान

जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मी संगीतशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करते आहे आणि त्याच्या जोडीला संस्कृत व तत्त्वज्ञान शिकते आहे. पुण्यात संस्कृतची पदवी घेतल्यानंतर पुन्हा बी.ए. कशासाठी, हा प्रश्न घरच्या प्रत्येक लग्नकार्यात माझ्या आईला विचारला जातो, आणि प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मलाही ठाऊक आहे. हे तीन विषय इथे एकत्र कसे शिकता येतात आणि ते एकत्र शिकण्याला काही अर्थ आहे का, हे म्हणून जरा तपशिलात लिहिते.

इथली बी.ए. १८० श्रेयांकांची (क्रेडिटची) असते. एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचे काम आणि बहुतेक मॉड्युल, म्हणजे अभ्यासक्रमाचे घटक, दहा श्रेयांकांची, त्यामुळे एका मॉड्युलमागे तीनशे तास धरलेले असतात, आणि त्यांतले प्रत्यक्ष वर्गात बसण्याचे तास फार थोडे असतात. एका सेमेस्टरला तीन मॉड्युल, एवढाच हिशेब. एकूण श्रेयांकांपैकी साठ श्रेयांक विद्यार्थ्याने मुख्य विषयाच्या बाहेरून मिळवायचे असतात, आणि माझे संस्कृत व तत्त्वज्ञान त्या साठांत बसते. कागदावर ही व्यवस्था फार उदार दिसते. प्रत्यक्षात मात्र कोणताही विभाग तुम्हाला दुसऱ्या विभागाचा विद्यार्थी म्हणून सूट देत नाही. संस्कृतच्या वर्गात संगीताची विद्यार्थिनी बसली आहे म्हणून लकार, म्हणजे क्रियापदाचे काळ आणि अर्थ, कमी होत नाहीत.

हे शहर निवडण्याचे कारण मात्र श्रेयांकांत सापडणार नाही. ते १८६८ सालच्या नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी सापडते. लाइपझिगमध्ये संस्कृतचे अध्यापन १८४१ पासून करणारे हेर्मान ब्रॉकहाउस हे कथासरित्सागराचे युरोपातले पहिले संपादक. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी सिद्ध केलेली कथासरित्सागराची प्रत १८८९ मध्ये काढली, त्याच्या पन्नास वर्षे आधी, १८३९ मध्ये, ब्रॉकहाउस यांच्या आवृत्तीचा पहिला भाग निघाला होता. त्यांची पत्नी ओटिली ही संगीतकार रिखार्ड वाग्नर यांची बहीण. त्या ८ नोव्हेंबरला वाग्नर बहिणीच्या घरी उतरले होते आणि त्यांना भेटायला ग्रीक-लॅटिन शिकणारा चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी आला. तो फ्रीडरिख नीत्शे. आपल्या मित्राला दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात त्याने त्या संध्याकाळचे वर्णन केले आहे. शिंप्याचा माणूस नवा पोशाख घेऊन आला, पण रोख पैसे मिळाल्याशिवाय तो द्यायला तयार नव्हता. तेव्हा दोघांची पँटवरून अक्षरशः ओढाताण झाली आणि शेवटी जुनाच काळा कोट घालून नीत्शे पावसात निघाला. वाग्नर यांनी त्या रात्री आपल्या ऑपेरातले भाग पियानोवर वाजवून दाखवले, सगळ्या पात्रांचे आवाज स्वतःच काढले, आणि मग गप्पा वळल्या त्या शोपेनहॉवर या तत्त्वज्ञाकडे.

या गप्पांचे धागे मला फार विलक्षण वाटतात. शोपेनहॉवर यांचा मुख्य ग्रंथ छापणारे प्रकाशक फ्रीडरिख आर्नोल्ड ब्रॉकहाउस हे त्या घराच्या यजमानांचे वडील. शोपेनहॉवर यांनी उपनिषदे वाचली ती लॅटिनमधून, आणि ते लॅटिन भाषांतर आंकेतिल द्युपेराँ यांनी केले होते ते दारा शुकोहने १६५७ मध्ये करवून घेतलेल्या फारसी भाषांतरावरून. म्हणजे संस्कृतच्या प्राध्यापकाच्या दिवाणखान्यात एक संगीतकार आणि एक भाषेचा विद्यार्थी अशा तत्त्वज्ञाविषयी बोलत होते ज्याला उपनिषदे फारसीवरून लॅटिनमध्ये आलेल्या रूपात भेटली होती. आज या तीन विषयांचे विभाग वेगवेगळ्या इमारतींत आहेत, त्यांची ग्रंथालये वेगळी, परीक्षेचे नियम वेगळे. त्यांची सांगड घालण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडलेले आहे, आणि मला ते योग्यच वाटते.

संस्कृतबद्दल आधी सांगते, कारण तिथे मला काही नवे शिकायला मिळेल अशी अपेक्षाच नव्हती. रामः रामौ रामाः पाठ करून वाढलेल्या मुलीला जर्मन मुलांबरोबर पहिल्या पानापासून बसावे लागणे हे थोडे अपमानास्पदच वाटते. इथे पाठांतर जवळजवळ नाही आणि उच्चार यथातथाच असतात. मात्र प्रत्येक रूपाला "असे का?" विचारण्याची सवय आहे, आणि ती या विद्यापीठाला जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल ब्रुगमान, आउगुस्ट लेस्कीन आदी मंडळींनी ध्वनिबदलाचे नियम अपवाद मानत नाहीत असा आग्रह धरला तो याच शहरात. फेर्दिनां द सोस्यूर यांनी संस्कृतमधल्या सत् षष्ठीच्या ("अमुक होत असताना" या अर्थी येणाऱ्या षष्ठी विभक्तीच्या) प्रयोगावर १८८० मध्ये डॉक्टरेट घेतली तीही इथेच. आपले पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगची पीएच.डी. घेऊन फर्ग्युसन महाविद्यालयात परतले आणि तौलनिक भाषाशास्त्रावरचे त्यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक १९१८ मध्ये पुण्यात निघाले, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते.

एक उदाहरण देते. "कृ" धातूचे परोक्ष भूतकाळाचे रूप "चकार" होते. द्वित्व झाल्यावर, म्हणजे धातूचे अक्षर दोनदा आल्यावर, पहिल्या "क"चा "च" होतो, कारण पाणिनीचे सूत्र आहे "कुहोश्चुः". आम्ही ते पाठ केले आणि पुढे गेलो. इथे शिक्षिकेने लॅटिन आणि ग्रीक रूपे शेजारी मांडून दाखवले की द्वित्वातल्या त्या पहिल्या अक्षरात पूर्वी "अ" नव्हे तर "ए" स्वर होता. त्या "ए"ने आधीच्या "क"ला तालव्य करून "च" बनवले, आणि मग तो "ए" स्वतः "अ" होऊन दिसेनासा झाला. धातूच्या मूळ अक्षरात तसा स्वर नव्हता, म्हणून तिथला "क" तसाच राहिला. पाणिनीने जे घडते ते तंतोतंत सांगितले होते आणि ते का घडते हे सांगायला शेजारच्या भाषा लागल्या. दोन्ही पद्धती माहीत असलेल्या विद्यार्थ्याला केवढा फायदा होतो याचा माझ्या जर्मन सहाध्यायांना हेवा वाटतो, आणि तो हेवा मी अधूनमधून मुद्दाम अनुभवून घेते.

संगीतात मात्र उलटे घडले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या माझ्या कानाला इथल्या कानाच्या तालमीच्या वर्गात काही ऐकूच येईना. चार आवाज एकदम वाजतात आणि त्यांतला वरून तिसरा आवाज कुठे गेला ते लिहायचे असते. रागातल्या गंधाराची पट्टी चढली-उतरली तर ते मला लगेच कळते, पण मधले आवाज वेगळे काढण्याची गरज आपल्या संगीतात कधी पडलेलीच नसते. त्यातच चार आवाजांची रचना करताना दोन आवाज एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर राहून एकाच दिशेने जाऊ द्यायचे नाहीत, असा कडक नियम आहे. षड्ज-पंचमाच्या तानपुऱ्याखाली वाढलेल्या माणसाला हा नियम समजून घ्यायला वेळ लागतो. तो समजतो तेव्हा लक्षात येते की त्यांना पंचम वावगा वाटत नाही. पंचमाने जखडलेले दोन आवाज ऐकणाऱ्याला दोन वाटत नाहीत, एकच जाड आवाज वाटतो, आणि चार आवाज चारच राहिले पाहिजेत ही तिथली खरी चिंता आहे.

या शहरात संगीत शिकण्याचा एक फायदा निर्विवाद आहे, तो म्हणजे पुस्तकातले संगीत चालत जाऊन ऐकता येते. सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियान बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत कांटोर, म्हणजे चर्चच्या संगीताचे प्रमुख, होते, आणि तिथल्या मुलांचे वृंदगान आजही शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी अगदी थोड्या पैशांत ऐकता येते. बाख यांच्या नेमणुकीत मुलांना लॅटिन शिकवण्याचेही काम होते, जे त्यांनी एका सहकाऱ्याला पदरचे पैसे देऊन त्याच्यावर सोपवले. संगीतकार टेलेमान यांनी कायद्याचे विद्यार्थी असताना १७०२ मध्ये सुरू केलेला विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद पुढे १७२९ पासून बाख चालवत, आणि तो झिमरमान यांच्या कॉफीगृहात वाजवत असे. विद्यापीठाचे स्वतःचे वाद्यसंग्रहालय आहे. पियानोचे जनक मानले जाणारे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांचे जगात उरलेले तीनच पियानो आहेत, त्यांपैकी १७२६ सालचा तिथे ठेवलेला आहे.

तत्त्वज्ञानाचा सेमिनार नव्वद मिनिटांचा असतो आणि त्यात पुष्कळदा एकच परिच्छेद वाचून होतो. आमच्याकडे पाठ्यपुस्तकातले "कांटचे विचार" मुद्द्यांत लिहून काढायची सवय असलेल्यांना हे वेळ घालवणे वाटेल. मलाही सुरुवातीला तसेच वाटले. पण ज्या सत्रात आम्ही संगीताविषयीची तीन मते एकापाठोपाठ वाचली ते माझे इथले सर्वांत समृद्ध सत्र ठरले. कांट यांनी १७९० मध्ये कलांची प्रतवारी लावताना, बुद्धीची मशागत करण्याच्या कसोटीवर, संगीताला सगळ्यांत खालची जागा दिली, आणि वर तक्रार केली की संगीतात शेजाऱ्याची पर्वा नसते, कारण ज्याला ते नको आहे त्याच्याही कानांवर ते जाऊन आदळते. (गणेशोत्सवात मांडवाशेजारी राहणाऱ्याला कांट तत्काळ पटतील.) शोपेनहॉवर यांनी त्याच संगीताला सर्व कलांच्या वर नेऊन बसवले. आणि या दोघांच्याही आधी तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिझ यांनी, जे १६४६ मध्ये याच शहरात जन्मले आणि याच विद्यापीठात शिकले, १७१२ मध्ये एका पत्रात लॅटिनमध्ये लिहिले होते की संगीत म्हणजे आत्म्याने नकळत केलेली अंकगणिताची कसरत आहे. आपण मोजतो आहोत हे आत्म्याला कळत नसते. शोपेनहॉवर यांनी या वाक्याची नक्कल करून त्यात अंकगणिताच्या जागी तत्त्वमीमांसा आणि मोजण्याच्या जागी तत्त्वचिंतन घातले.

मी सेमेस्टरअखेरचा निबंध लाइबनिझ यांच्या त्या वाक्यावरच लिहिला. झपतालात दहा मात्रा हातावर धरून बसलेला आपला श्रोता नकळत मोजत नाही, तो उघडपणे मोजतो. गायक समेवर येतो तेव्हा त्याची मान हलते ती मोजल्यामुळेच, आणि त्याच्या आनंदात या मोजण्याने घट होत नाही. मग मोजणे नकळत असले पाहिजे ही अट संगीताच्या स्वरूपातून येते की एका विशिष्ट श्रोत्याच्या सवयीतून? स्वरांच्या कंपनांची गुणोत्तरे कोणीच जाणीवपूर्वक मोजत नाही, तिथे लाइबनिझ यांचे म्हणणे टिकते. तालाच्या बाबतीत मात्र ते ताणले जाते, असे मी मांडले. प्राध्यापकांनी निबंध परत देताना तालाच्या भागावर फारसे काही लिहिले नव्हते. पण लॅटिन वाक्यातले एक कृदंत नक्की कशाशी जोडायचे यावर समासात एक लांबलचक प्रश्न लिहिला होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर बदलले तर माझा अर्धा युक्तिवाद बदलतो हे मला मान्य करावे लागले. व्याकरण, ताल आणि तर्क यांची गाठ माझ्यापुरती तिथे पडली.

आता व्यवहाराचे थोडक्यात. विद्यापीठात ट्यूशन फी नाही, प्रत्येक सेमेस्टरला काहीशे युरोंचे शुल्क असते. गायन-वादन प्रत्यक्ष शिकवणारी संस्था, म्हणजे संगीतकार मेंडेल्सझोन यांनी १८४३ मध्ये स्थापन केलेली संगीतशाळा, विद्यापीठाहून वेगळी आहे, आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क पडते. ही दोन ठिकाणे एकच आहेत असे समजून अर्ज करू नये. व्हिसासाठी बँकेत गोठवून दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि मध्यमवर्गीय घराला ती डोळे पांढरे करणारीच वाटते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. मी ग्रंथालयात पुस्तके जागेवर लावते, आणि त्यातून जेवणखाण निघते, घरभाडे पूर्ण निघत नाही.

सगळ्यांत मोठा खर्च जर्मन भाषेचा आहे, पैशांत आणि वर्षांत. या विषयांना बी.ए.च्या पातळीवर इंग्रजीचा आधार मिळत नाही आणि रोजच्या व्यवहारापुरती जर्मन सेमिनारमध्ये उपयोगी पडत नाही. वरच्या पायरीची परीक्षा भारतातच देऊन या आणि शक्य असेल तर थोडे लॅटिनही वाचून या. बारावीनंतर थेट प्रवेश सहसा मिळत नाही, त्यामुळे भारतात पदवीची एक-दोन वर्षे काढावी लागणारच आहेत. ती जर्मन शिकण्यात गेली तर वाया गेली असे समजू नका. पुढे काय, या प्रश्नाला माझ्याकडे आत्ता एवढेच उत्तर आहे की माझ्या पुढच्या वर्गांतले विद्यार्थी प्रकाशनसंस्था, ग्रंथालये आणि रेडिओ यांच्याकडे वळताना दिसतात, काही जण पीएच.डी.कडे जातात, आणि मला स्वतःला हस्तलिखितांच्या कामात रस आहे. येत्या ऑक्टोबरपासून जुनी स्वरलेखने वाचण्याचे मॉड्युल घेतले आहे. ते जमले तर पुण्यातल्या पोथ्यांकडे परतायचा विचार आहे, आणि तेव्हा आईलाही लग्नात सांगायला काहीतरी ठोस मिळेल.