तुम्ही विचारलंत म्हणून: बिनशर्त प्रीती म्हणजे सगळं खपवून घेणं का?

उपासना संपली की कुणी तरी बाजूला घेऊन विचारतंच: "बिनशर्त प्रीती करायची म्हणजे कुणीही यावं आणि टिकली मारून जावं, असंच ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एक ठरावीक माणूस असतो. उसने पैसे बुडवणारा भाऊ, नाही तर टोचून बोलणारी जाऊ.

माझं उत्तर: नाही.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय आपण लग्नात इतक्यांदा ऐकतो की तो नवरा-नवरीसाठीच लिहिलाय असं वाटू लागतं. लिहिला होता करिंथ शहरातल्या भांडकुदळ मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला. त्यांच्यात तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवायला बसल्यावर, एक जण उपाशी तर दुसरा पिऊन तर्र. अशांना हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो, "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे." आणि हाच पौल त्याच पत्राच्या 5व्या अध्यायात उघड अनाचार करणाऱ्या एकाला मंडळीबाहेर काढा म्हणतो, त्याचा आत्मा तरावा म्हणून. दोन्ही एकाच हातचं आहे.

मला त्याहून जवळचा वाटतो मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला श्रीमंत माणूस. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. लगेच पुढे, सगळं विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, ही आज्ञा. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही, "बरं, अर्धं तरी विक" असंही म्हणाला नाही. मागे येण्याला अट होती. प्रीतीला नव्हती, ती आधीच झाली होती.

म्हणून उसने बुडवणाऱ्याला पुन्हा पैसे देऊ नका, तोंडावर सांगा. पण तो आजारी पडला तर जाऊन उशाशी बसा, आणि तिथे जुना हिशोब काढू नका. पैसे देऊन मोकळं होणं यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

मारहाणीची गोष्ट वेगळी. मार खाणाऱ्या बाईला "प्रीती सहनशील असते, सोस" असं सांगणारे वडीलजन पाहिले की माझा तोल जातो. तिने आधी घराबाहेर पडावं. क्षमा दुरूनही करता येते, आणि क्षमा केली म्हणून विश्वास परत टाकलाच पाहिजे असं शास्त्र कुठे म्हणत नाही.

मग रोज करायचं काय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशू छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हणतो, तिथून सुरुवात करा. त्या माणसाचं नाव घेऊन. मात्र "प्रभू, त्याला सुबुद्धी दे" ही प्रार्थना मी धरत नाही, ती देवाकडे केलेली चहाडी असते. त्याच्या तब्येतीसाठी, त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी, त्याच्या कामधंद्यासाठी मागा. सुरुवातीला शब्द घशात अडकतात. मनातून काही वाटत नसलं तरी चालेल. वाटेपर्यंत थांबलात तर सुरुवातच होणार नाही. आणि त्याचं काही बिनसल्याची बातमी कानावर आली की आत कुठे बरं वाटतंय का, ते तपासा. वाटत असेल तर अजून मागत राहा.

तो सुधारेलच, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. येशूने आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले होते.