मायच्या नावची भिशी

मला वारीला जायचं नव्हतं, हे आधीच सांगते. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिंडीतल्या बप्पांचा फोन आला, "पोरी, तुझ्या मायची भिशी जमा हाय आपल्याकडं. पैसे परत करू का जागा ठिवू?" मला आधी कळेचना कसली भिशी. दिंडीत जेवणाखाणाचे, ट्रकचे, तंबूचे म्हणून जे पैसे आधी भरायचे असतात त्याला भिशी म्हणतात. मायनं ते २०२२ च्या मे महिन्यात भरले होते, म्हणजे डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सगळं सांगितल्यानंतर. त्या आषाढीला ती हॉस्पिटलमधे होती, पैसे परत घ्या म्हणल्यावर तिनंच बप्पांना सांगितलं होतं की पुढच्या साली धरा. पुढचं साल तिनं बघितलंच नाही, दिवाळीच्या आठ दिवस आधी गेली. आमच्यापैकी कुणाला हे माहीत नव्हतं.

मी "जागा ठेवा" म्हणून फोन ठेवला. का म्हणले ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मी संभाजीनगरला शाळेत सायन्स शिकवते, गाव बीड जिल्ह्यात. माय नाथांच्या, म्हणजे संत एकनाथांच्या पालखीसोबत पैठणहून पंढरपूरला चालत जायची, तिच्या २२ वाऱ्या झाल्या. कोरोनाच्या दोन वर्षांत पादुका एसटीने गेल्या, पायी वारी बंद, तेव्हा तिनं काय केलं तर जितके दिवस पालखी वाटेवर असती तितके दिवस रोज पहाटे उठून गावच्या मारुतीपासून नदीच्या पुलापर्यंत जायची अन् परत यायची, डोक्यावर तुळस घेऊन, एकटी. लोक हसायचे. ती दोन वर्षं तिनं वारीत मोजली नाहीत पण चालली मात्र. मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटायचं, तोंडावर बोलले नाही एवढंच.

तिच्या आजारपणात मात्र मी काय काय नाही केलं. तुळजापूरला नवस बोलले, परळीला अभिषेक केला, कुणी सांगितलं म्हणून सोळा सोमवार धरले. आयुष्यात कधी उपवास न केलेली मी. मायला कळलं तेव्हा केमो चालू होती, तोंड आलेलं, बोलायला त्रास व्हायचा तरी म्हणाली, "देवाला कामाला लावती का गं?" बास, एवढंच. तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मी ऐकलं नाही. तिला काळजी काय, तर अंगणातल्या तुळशीला पाणी कोण घालतंय.

ती गेल्यावर मी देवघराचं दार लावलं ते लावलंच. भाऊ तर सरळच म्हणतो, "२२ वर्षं चालली ती, तुझा विठ्ठल तेव्हा कुठं होता?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही, अन् खरं सांगायचं तर तो प्रश्न माझाच होता, त्यानं फक्त मोठ्यानं विचारला.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघती, त्या साली ती १० जूनला आली. पैठणला आदल्या दिवशी पोचले. नाथांच्या वाड्यातला रांजण बघितला, श्रीखंड्याच्या रूपानं देवानं नाथांच्या घरी पाणी भरलं म्हणतात तो. सायन्सच्या मास्तरीण म्हणून त्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. पण मी तिथं उभी राहून विचार करत होते की बाकीचे भक्त देवाकडं मागतात अन् इथल्या लोकांनी गोष्ट रचली ती देव घरगडी होऊन पाणी आणतो अशी, राबण्याला इतकी किंमत देणारे लोक होते हे. तिथून गोदावरीकाठच्या समाधी मंदिरात, अन् मग चनकवाडीच्या पहिल्या मुक्कामाला.

मला जागा मिळाली ती मायचीच, तुळशीवाल्या बायांच्या मागं तिसऱ्या रांगेत. खांद्याला मायची पडशी. पहिले चार दिवस माझ्या मनात विठ्ठल नव्हता, नाथ नव्हते, फक्त पाय होते. पहाटे तीनला उठा, टँकरच्या पाण्याने अंधारात अंघोळ, काकडा, चहा, चालायला सुरू. त्या साली बिपरजॉय चक्रीवादळानं पाऊस अडवून धरला होता, मृग कोरडा चाललेला, दहा वाजताच डांबर तापायचं. तिसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांना फोड आले. माझ्या शेजारी एक मावशी होती, परतूर तालुक्यातली, मायची जुनी सोबतीण. तिनं पडशीतल्या एका चोरकप्प्यात हात घालून सुईदोरा काढला, मला त्या कप्प्याचा पत्ता नव्हता पण तिला होता. सुई तापवून फोडात दोरा ओवला अन् दोरा आतच ठेवला, पाणी हळूहळू निघून जातं त्यानं. "तुझ्या मायनंच शिकवलंय मला हे," म्हणाली.

असं रोज काहीतरी कळायचं. माय झोपेत घोरायची अन् बाया तिला तंबूच्या कडेला झोपवायच्या. टँकरच्या रांगेत भांडायची, चांगली जोरात. वाटेत लहान पोरं दिसली की पडशीतून गूळ-शेंगदाणे काढायची. तिच्या सासूनं पहिल्या वारीला जाऊ दिलं नव्हतं म्हणून ती शेतातून परस्पर निघून आली होती, हे तर आमच्या घरात कुणालाच माहीत नाही! माय गेल्यावर घरी भेटायला आलेल्या लोकांनी मला "काळाला औषध नाही", "देवाची मर्जी" असलं बरंच सांगितलं होतं, त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. इथं कुणी समजूत काढली नाही, फक्त "मायच्या जागेवरली का तू?" असं विचारून एक एक गोष्ट हातात देत गेले.

मिडसांगवीला रिंगण झालं. अश्व धावला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला पळाले, मावशी पण पळाली साठीच्या पुढची. मी उभीच. आजूबाजूला लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय अन् माझ्या आत काहीच हललं नाही, कोरडं ठाक. रात्री मला त्याचं रडू आलं. आपण खोट्या आहोत, नुसत्या चालतोय, मायच्या जागेवर दगड चालतोय असं वाटायला लागलं.

मावशी म्हणाली, "कामून रडायली?"

मी सांगितलं की मावशी मला काही वाटतच नाही, टाळ वाजतात, हरिपाठ होतो, मला काही होत नाही.

तर ती म्हणाली, "मग? मला तरी कुठं रोज वाटायलंय? जनावराला पाणी दावताना रोज माया दाटून येती का? तहान त्याला हाय, दावायचं. झोप आता, तीनला उठायचंय."

अन् कूस बदलून झोपली पण.

मी मात्र जागी होते. आपण शिकलेली माणसं श्रद्धा म्हणजे मनात काहीतरी वाटणं किंवा कशावर तरी विश्वास बसणं असं धरून चालतो. देव आहे का नाही, सिद्ध करा, असं. मग मायच्या आजारात मी जे केलं त्याला काय म्हणायचं? तो तर सौदा होता, तू हे दे मी ते करते, अन् मिळालं नाही म्हणून दार लावलं. दुकानदाराशी वागावं तसं. मायचा शब्द वेगळा होता, ती श्रद्धा म्हणायचीच नाही, ती नेम म्हणायची. नेम चुकला, नेम झाला, नेम राहिला. मारुती ते पूल असं चालणारी माय तेव्हा मला दिसली, रस्त्यावर कुणी नाही, टाळ नाही, पुढं पंढरपूर नाही, तरी चाललीय. तिला त्या दिवसांत दर पहाटे काही वाटत असेल का? मला नाही वाटत.

याच्यानं माझा प्रश्न सुटला नाही. कॅन्सर का झाला याचं कारण पेशींमधे आहे, मी ते वर्गात शिकवते, अन् ते मी विठ्ठलाच्या माथी मारणार नाही अन् त्याच्यावर सोडणार पण नाही. पण दुःख घेऊन रोज उठायचं कसं हे विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं. इथं तीनला उठवणारं कुणीतरी होतं, बास एवढा फरक.

रायमोह्याच्या भागात गारमाथ्याचा चढ लागतो. रथ वर घेताना बैलांच्या बरोबरीनं माणसं लागतात, "भानुदास एकनाथ" असा गजर, धुरळा, घाम. मी पण पताका मावशीकडं देऊन रथाला हात लावला. वर पोचल्यावर मागं बघितलं तर सगळा माळ करपल्यासारखा, एक हिरवा पट्टा नाही. पुढच्या एका वाडीवर रस्त्याच्या कडेनं प्लास्टिकच्या टाक्या, घागरी, हंडे मांडलेले. त्या वाडीला स्वतःला टँकरचं पाणी, तेही एक दिवसाआड. एक म्हातारी तांब्या घेऊन उभी होती अन् ओरडत होती, "वरून प्या, उष्टा करू नका, मागं लई माणूस हाय!" मी दोन घोट पिऊन थांबले तर मलाच ओरडली, "पोटभर पी की."

काशीच्या गंगेची कावड रामेश्वराला न्यायला निघालेल्या नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजलं, ही गोष्ट आम्ही पहिलीपासून ऐकलेली. मला वाटायचं की ती दयेची गोष्ट आहे. त्या म्हातारीसमोर कळलं की त्यात कावड महिनोन् महिने खांद्यावर वाहिलेली आहे. साठवलेलं, मोजलेलं, स्वतःला पुरत नसलेलं पाणी आहे ते.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढं जाणार नाही. गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर नाथांनी कडेवर घेतलं अन् घरी पोचवलं. १५९९ ला नाथ गेले, चारशे वर्षं उलटून गेली. वारीत सगळे एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात, वय नाही, जात नाही, मी डोळ्यांनी बघितलं, ते खरं आहे. अन् त्यातलीच काही माणसं गावात परतल्यावर ठराविक घरांचा चहा घेत नाहीत हे पण मी डोळ्यांनी बघितलंय, माझ्याच गावात. १९ दिवस जे जमतं ते उरलेलं वर्ष का जमत नाही? वारीला नावं ठेवायची म्हणून नाही विचारत. नेम पंढरपूरपुरता ठेवला तर तो अर्धाच झाला असं मला वाटतं, अन् हे मी दिंडीत बप्पांना पण बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरं हाय. आमचं तिथंच चुकतंय."

खर्डा, परांडा, मुक्काम मागं पडत गेले. माझा हरिपाठ निम्मा पाठ झाला, तो पण चालता चालता. २४-२५ जूनला मान्सून एकदाचा महाराष्ट्रभर पोचला अन् दिंडीत एकदम फोन वाजायला लागले. "पडला का? किती पडला? वापसा आला की बियाणं काढ." आमच्या दिंडीतली सहा-सात माणसं पंढरपूर इतकं जवळ आलेलं असताना टाळ बाईलेकरांकडं देऊन पेरणीला परत फिरली. मला वाटलं बप्पा रागावतील. ते उलट त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले, प्रत्येकाच्या पाया पडले. पेरणी पण चुकवायची नसते.

२९ जूनला आषाढी. त्याच दिवशी बकरी ईद आली होती, अन् पंढरपुरातल्या मुस्लिम समाजानं एकादशीला कुर्बानी करायची नाही असं आधीच ठरवलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. धर्म म्हणजे काय यावर टीव्हीवर तासन् तास भांडणारांनी हे एकदा बघावं.

पददर्शनाची रांग इतकी लांब की आम्ही गेलोच नाही, माय पण एकादशीला कधी रांगेत थांबायची नाही म्हणे. चंद्रभागेत अंघोळ, नामदेव पायरीला दुरून हात, कळसाचं दर्शन. कळस बघताना तरी काही वाटलं का? हो, वाटलं. काय ते लिहिता येत नाही, अन् वाटलं नसतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी तंबूत बप्पा वही घेऊन बसले होते, कोण पुढच्या साली येणार, कुणी किती भरले. मायचं नाव होतं, समोर २०२२ ची तारीख, पुढं "पुढील साली" असं त्यांच्या वाकड्या अक्षरात. बप्पांनी पेन काढला, माझ्याकडं बघून म्हणाले, "हे खोडू का?"

मी म्हणले, "राहू द्या. खाली माझं लिहा."

त्यांनी लिहिलं, पैसे मोजून घेतले, वहीला रबर लावला. म्हणाले, "बारस सोडली का नाही अजून? जा, पंगत बसायली."