खडूची उभी रेघ

१९८२ साली मी आपल्या शाळेत पाचवीत आलो. मराठी माध्यमात तेव्हा इंग्रजीची एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे सातवीत सब्जेक्ट-प्रेडिकेट पुढ्यात आलं तेव्हा आमचं इंग्रजी जेमतेम दोन वर्षांचं. उद्देश्य आणि विधेय मराठीच्या तासाला होऊन गेलं होतं, त्यामुळे हे तेच, नावं तेवढी वेगळी, असा आमचा समज. गाइडात तोडगाही छापलेला होता : क्रियापदाच्या आधी येतो तो सब्जेक्ट, उरलं ते प्रेडिकेट.

इंग्रजीच्या बाईंनी गाइड मिटायला लावलं. त्या फळ्यावर वाक्य लिहायच्या, एकाच्या हातात खडू द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘एकच उभी रेघ मार. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो डावीकडे, जे बोलणं चाललंय ते उजवीकडे.’’ माझ्या वाट्याला आलं ‘द बास्केट ऑफ ऑरेंजेस ऑन द टेबल इज हेवी’. मी बास्केटपाशीच रेघ मारून मोकळा झालो.

‘‘जड कोण आहे?’’

‘‘टोपली.’’

‘‘कोणती?’’

‘‘संत्र्यांची. टेबलावरची.’’

‘‘मग तिला मधूनच का कापलीस रे?’’

रेघ सरकत सरकत टेबलाच्या पुढे गेली. मग बाईंनी बास्केटखाली जाड रेघ ओढली. संत्री शंभर असोत, क्रियापद ऐकतं टोपलीचं, म्हणून ‘इज’. चाचणीत मी तरीही ‘आर’ लिहून एक मार्क घालवला, ते सोडा.

‘देअर आर फोर्टी बॉइज इन द क्लास’ला गाइड साफ झोपलं. क्रियापदाआधी ‘देअर’, पण वर्गात आहेत ती चाळीस पोरं. ‘अंडर द नीम ट्री स्टुड अ बुलक’मध्ये तर बैल पार शेवटी उभा. बाई म्हणायच्या, आधी क्रियापद धरा, मग त्यालाच विचारा, कोण?

खरी मजा आली मारबतीनंतर. मारबत म्हणजे नागपुरात तान्ह्या पोळ्याला इडा-पीडा घालवायला मिरवत नेतात तो पुतळा. तान्ह्या पोळ्याची सुटी संपवून आम्ही आलो ते घसे बसवूनच. काळी-पिवळी मारबत बघायला अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर उतरतं, तिथे ओरडलो नाही असं कोण म्हणेल! बाईंनी फळ्यावर चक्क ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ लिहिलं आणि उद्देश्य विचारलं. सगळे एका सुरात, ‘‘मारबत!’’

‘‘चूक. मारबतीला नुसती हाक मारली आहे. जायचं कोणी? ‘तू’. ते ‘तू’ वाक्यात दिसत नाही, पण आहे.’’ लगेच खाली ‘राजू, क्लोज द डोअर’. राजूला हाक मारली. सब्जेक्ट न दिसणारा ‘यू’. आज्ञार्थाचा हा नियम मी आयुष्यात विसरणं शक्य नाही, कारण त्याला ढोलाचा आवाज चिकटलेला आहे.

आणखी एक माझी फजिती. रजेच्या अर्जात मी ‘फीवर केम टू मी’ लिहिलं होतं. वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. ‘‘याने मराठी बरोबर लिहिलंय, फक्त इंग्रजी अक्षरांत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मराठीत ताप येतो आणि तू ‘मला’ होऊन पांघरुणात पडतोस. भूक लागते तेव्हाही तेच. इंग्रजीत तूच पुढे यायचं. आय हॅव अ फीवर. आय अ‍ॅम हंग्री.’’ ‘मी पोळी खाल्ली’मध्ये क्रियापद पोळीच्या मागे जातं, इंग्रजीत ते खाणाऱ्याला सोडत नाही, हेही त्याच तासाला. भाषेत कोणाला पुढच्या बाकावर बसवायचं हे जो तो आपापलं ठरवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘‘बाई, पाऊस येऊन राहिला म्हणजे इट इज रेनिंग ना? मग हा इट कोण?’’

‘‘कोणी नाही. इंग्रजीला सब्जेक्टची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून बसवलाय.’’

पुढे मी टायपिंग शिकलो आणि एका वकीलसाहेबांकडे लागलो. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जाणारे कागद वर्षानुवर्षं टाइप करतोय. तिथलं एकेक वाक्य अर्धं पान खातं. सब्जेक्ट वर कुठेतरी आणि त्याचं क्रियापद सात ओळी खाली. मी पेन्सिलीने बारीक उभी रेघ मारतो, ‘इज’ की ‘आर’ बघतो आणि रेघ खोडून टाकतो. एकदा खोडायची राहिली. साहेबांनी कागद पुढे सरकवला, ‘‘हे काय?’’

‘‘साहेब, डावीकडचा सब्जेक्ट आहे.’’

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाक्य पुन्हा वाचलं आणि म्हणाले, ‘‘फार लांबलं का? तीन तुकडे करून आण.’’