तुम्ही विचारलंत म्हणून: गावात गाड्या त्या कितीशा?

दर रविवारी संध्याकाळी आम्ही गावातला रस्ता दोरी बांधून तीन तास गाड्यांना बंद ठेवतो. त्यावर लग्नाच्या पंगतीत, बचत गटाच्या बैठकीत, बँकेच्या रांगेत, दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्यांकडून, सगळीकडून एकच प्रश्न येतो. "मॅडम, रस्त्यावर गाड्या बंद करणं हे शहरातल्या लोकांचं काम. आपल्या गावात गाड्या त्या कितीशा? आणि जागेची काय कमी आहे?" आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे जात होते. पण गेल्या पावसाळ्यापासून विचारणाऱ्यांच्या आवाजात आणखी काहीतरी असतं. ते काय असतं हे मला कळतं, म्हणून एकदा सगळंच लिहिते.

आधी गाड्यांचं. 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, हा केंद्र सरकारचा आकडा. त्यांत 32,825 जण पायी चालणारे होते. आणि एकूण मृत्यूंपैकी तिनांतले दोन ग्रामीण भागातले. गाड्या शहरात जास्त असतील, मरण आपल्याकडे जास्त आहे. आपल्याकडे फुटपाथ नाही, सिग्नल नाही, राज्यमार्ग थेट मारुतीच्या पाराला घासून जातो, आणि रेतीचा टिप्पर गाव लागलं म्हणून हळू होत नाही.

आता जागेचं. गावाबाहेर मोकळं दिसतं ते कुणाचं तरी वावर आहे. ई-क्लासच्या, म्हणजे गुरं चरायच्या सरकारी जमिनीचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शाळेचं मैदान शाळा सुटली की कुलपात. पुरुषांना पानठेला आहे, चहाची टपरी आहे, पार आहे. बायांना ओटा होता. तुरीची डाळ निवडणं, सरगुंडे वळणं, म्हातारीचं ऊन खाणं, सुनेचं माहेराचं रडगाणं, सगळं ओट्यावर. रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे ओटे गेले. मोबदल्याची चर्चा भिंतींची झाली, टिनांची झाली. ओट्यांची झाली नाही, कारण ते अतिक्रमण ठरले. आता घराचं दार उघडलं की थेट डांबर. भुलाबाईच्या दिवसांत पोरी संध्याकाळी घरोघर जायच्या. आता आया त्यांना कोपऱ्यापलीकडे सोडत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

मला हेही ऐकवलं जातं की याच रस्त्यासाठी तुम्हीच रास्ता रोकोला बसला होतात. बसले होते. तेव्हा मी शाळेत नवीन होते. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीची चाकं आसापर्यंत रुतायची, आणि अडलेल्या बाईला खाटेवर घालून न्यावं लागायचं. त्या वेळची मी आज समोर आली तर विचारेल, "रस्ता मागितला, मिळाला, आता त्यालाच दोरी बांधता?" मी तिला म्हणेन, तू दवाखान्यापर्यंतचा रस्ता मागितला होतास, तुझ्या दारातून ताशी ऐंशीनं जाणारा टिप्पर नाही. ती म्हणेल, एक आला की दुसरा येतोच. तिच्याशी माझा हा वाद अजून चालू आहे.

आमची मागणी मोठी नव्हती. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ, मारुतीपासून गुजरीपर्यंत, म्हणजे भाजीबाजारापर्यंत, मोटारगाड्या नकोत. बंडी चालेल, सायकल चालेल. बाहेरच्या गाड्यांनी नदीकडच्या रस्त्यानं जावं. ग्रामसभेत ठराव झाला, पण रस्ता बांधकाम खात्याचा, त्यामुळे ठराव पुरेसा नव्हता. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 115 आहे. त्याखाली राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर वाहनं बंद करू शकतो. बंदी महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून आम्ही दर महिन्याला नवा अर्ज करतो आणि गावात दवंडी देतो. "मॅडमनं रस्ता दाबला" म्हणणाऱ्यांनी ते कागद येऊन पाहावेत.

शहराचं खूळ म्हणता, तर शहरांचंही ऐका. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी रस्ते गाड्यांना बंद होतात, आज शंभराहून जास्त किलोमीटर. तिथं चौकाचौकांत माणसं उभी असतात आणि आडव्या रस्त्यांची वाहतूक सोडत राहतात. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त लेकरं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. सायकलींचा देश म्हणून त्याचं कौतुक आता होतं, पण त्या वेळी तिथंही गाड्यांचंच राज्य होतं. पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर पायी चालणाऱ्यांचा असतो. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानं वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करायला सांगितलं. ते धोरण शहरांसाठी आहे. माणसं मात्र दोन्हीकडे राहतात.

पण तुम्हाला हे ऐकायचं नाही. तुम्हाला त्या रविवारचं ऐकायचं आहे.

श्रावण होता. निंदणाचे दिवस. सहा वाजून गेले असतील. रस्त्यावर सतरंज्या पडल्या होत्या, भजनी मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुरू व्हायची होती, पोरी सायकल शिकत होत्या. मारुतीकडून ऑटोचा हॉर्न आला, सारखा, न थांबता. दोरीजवळच्या पोरांनी आत पाहिलं आणि दोरी सोडली. बायांनी सतरंज्या ओढल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून बाजूला घेतलं, एक सायकल आडवी पडली होती ती उचलली. ऑटो गेला. आत आमच्यातलीच एक होती. वावरात साप चावला होता. पुढे स्टँडजवळ दोन चारचाक्या आणि एक टिप्पर समोरासमोर अडकले होते, तिथं ऑटो पुन्हा थांबला. आरोग्य केंद्रातून तिला वर्ध्याला न्यायला सांगितलं. रात्री ती गेली.

आमच्याकडे तिला किती वेळ लागला याची गावात वेगवेगळी उत्तरं आहेत. कुणी म्हणतं दहा मिनिटं, कुणी पंधरा. मी तिथं होते. सतरंजी ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. स्टँडजवळ त्याच्या कितीतरी पट लागला, आणि त्या चारचाक्यांबद्दल कुणी काही बोलत नाही. त्या नेहमीच तिथं असतात. दोरी नवी होती, म्हणून ती दिसली.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दीर दारातच होता. म्हणाला, "मॅडम, तुमची दोरी नसती त वाचली असती." मी त्याला स्टँडचं सांगितलं नाही. मेलेल्या माणसाच्या दारात हिशेब मांडायचा नसतो. पण तो तिथं मांडला नाही म्हणून गावानं तो माझ्या नावावर लावला, आणि आज मी तो इथं मांडते आहे. याचंही मला बरं वाटत नाही.

ती दर रविवारी यायची. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून, हातपाय धुऊन, सतरंजीच्या कडेला बसायची. भजनात तिला रस नव्हता. एकदा विचारलं तर म्हणाली, "इथं बसलं का कोनी काम नाही सांगत, मॅडम." तिची पोर याच रस्त्यावर सायकल शिकली आणि आता त्याच सायकलीवर पुढच्या गावच्या शाळेत जाते. त्या घरातल्या कुणाला मी हे सांगू शकत नाही. ते माझ्या बाजूनं ओढलेलं वाटेल, आणि थोडं ते असेलही.

तुम्ही म्हणता, मग आता तरी सोडा. त्या महिन्याचे उरलेले रविवार आम्ही रस्ता उघडा ठेवला. पोरी सायकली घेऊन कडेला उभ्या राहायच्या आणि गाड्या जायची वाट पाहायच्या. काही बाया येऊन विचारून गेल्या, पुढच्या महिन्याचा अर्ज दिला का. किराणावाले म्हणाले, गिऱ्हाईक सुधारलं. चहावाला म्हणाला, धंदा बसला. दोघंही खरंच बोलत असतील.

मी अर्ज दिला. आता दोरीच्या दोन्ही टोकांना शिट्टी घेऊन एकेक मोठं माणूस असतं, मधली एक पट्टी कायम मोकळी असते, आणि आशाताईंकडे आमचे फोन नंबर आहेत. यानं त्या दिराचं समाधान होणार नाही. तो समोरून आला की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी त्याला थांबवत नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय पुन्हा आहे. ज्यांना दोरी नको त्यांनी या आणि सांगा. फक्त स्टँडजवळ उभ्या राहणाऱ्या चारचाक्यांचा विषयही मी त्याच दिवशी मांडणार आहे, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.