अँबॅसडर मार्क-२: खूण थांबली, पण फक्त एक नंबरवर

तीन रविवार टायमिंग लाइटच्या उजेडात इंजिनाच्या पुलीवर नाचणारी खूण अखेर जागेवर थांबली. (एक नंबर सिलिंडरच्या प्रत्येक स्पार्कला हा लाइट चमकतो, म्हणून स्पार्क कधी पडतो ते खुणेवरून कळतं.) दोष पॉइंटचा (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) नव्हता, कंडेन्सरचाही नव्हता. टायमिंग लाइटचा चिमटाच भलत्या जागी होता.

पॉइंटमधला गॅप मागच्या नोंदीतलाच, ०.३८ मिमी. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग अॅडव्हान्स होतं (स्पार्क लवकर पडतो), म्हणून गॅप पक्का होईपर्यंत लाइटला हात लावायचा नाही.

चिमटा एक नंबरच्या प्लग वायरवर, बाण प्लगकडे, इथपर्यंत ठीक होतं. पण तो डेल्कोच्या (डिस्ट्रिब्यूटर, स्पार्क वाटणारा भाग) कॅपपासून दोन बोटांवर होता आणि तिथे चारही वायरी एकमेकींना चिकटून निघतात. शेजारणीचा स्पार्कही चिमट्याला लागायचा, लाइट मधूनच जादा चमकायचा आणि एका खुणेच्या दोन दिसायच्या. चिमटा प्लगच्या टोकाकडे, बाकी वायरींपासून वीतभर लांब सरकवला, त्याच्या आतल्या फेराइटची तोंडं पुसली, की झालं. तांब्याच्या वायरींना हा त्रास जास्त. प्लगवर ५ किलोओहमच्या सप्रेसर कॅप (विजेचा गोंगाट दाबणाऱ्या टोप्या) घातल्यावर उरलीसुरली थरथरही गेली. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त लाइटच्या चिमट्याची स्प्रिंग ढिली असते; तोंडं पूर्ण मिटली नाहीत तरी हेच होतं. अंश मोजायचा डायल असलेल्या लाइटपेक्षा साधा लाइट बरा, डायल किती खरा हा वेगळाच तपास होऊन बसतो.

जोडणी इंजिन बंद ठेवूनच. लाल क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली) गाडी असली तरी हेच, फक्त लाल बॉडीच्या बाजूला जाते. बॉडी बघून क्लिप लावणारे इथेच लाइट जाळतात. अर्थकडची क्लिप शेवटी, बॅटरीपासून लांब, ब्लॉकच्या रंग नसलेल्या बोल्टवर लावावी. बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी नको. वायरी फॅन, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून दूर बांधायच्या. काढतानाही आधी इंजिन बंद.

या इंजिनाची खरी अडचण म्हणजे टायमिंग कव्हरवरचे काटे पुलीच्या खाली आहेत. लांब काटा टीडीसीचा (पिस्टन अगदी वर असतानाचा), बाकीचे दोन ५ आणि १० अंशांचे. त्यामुळे खालून बघावं लागतं: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, पुढून स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही. आयडलिंग ६०० असेल तर लाइट सेकंदाला ५ वेळा चमकतो आणि त्या उजेडात फिरता फॅन थांबल्यासारखा किंवा रांगल्यासारखा दिसतो. खांद्यावरचा सोलापुरी टॉवेल आधी घरात ठेवा. दुपारच्या उन्हात खूण दिसत नाही, म्हणून दिवस मावळल्यावर, पण शटर लावून नाही, धूर कोंडतो.

पुलीच्या खाचेत व्हाइटनरचा थेंब, व्हॅक्यूमची नळी काढून कार्बोरेटरकडचं तोंड बंद. आयडलिंग थोडं उतरवल्यावर खूण सरकली तर डेल्कोतली वेट्स (वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं) आधीच उघडलीत, ते रीडिंग धरू नये. डेल्कोवरच्या व्हर्निअरच्या (टायमिंग बारीक सरकवणाऱ्या) चाकीचे ११ टिकटिक म्हणजे १ अंश, आणि हे अगदी हिशोबाने जुळलं. बरं वाटलं.

मग सहज चिमटा चार नंबरवर टाकला. १-३-४-२ या स्पार्कच्या क्रमात एक आणि चार एका फेरीच्या अंतरावर, म्हणजे खूण तिथेच दिसायला हवी. ती ३ अंश मागे! डेल्कोचा शाफ्ट बाजूला कलला की त्यावरचा एक लोब (पॉइंट उघडणारा उंचवटा) पॉइंट लवकर उघडतो आणि समोरचा उशिरा. कारण बहुधा शाफ्टला धरणारा घासलेला बुश.

इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचं ठरत आलं होतं, ते आता मागे. किट पॉइंट घालवेल, डुलणारा शाफ्ट नाही. नवा सच्छिद्र ब्राँझचा बुश २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून मगच बसवायचा आणि त्याला रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) लावायचा नाही, छिद्रं बुजतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्याला हे आधीच बजावून सांगावं लागेल.

पण थांबा, लोबच झिजला असला तर? कागदाची पट्टी पुलीभोवती गुंडाळून निम्म्यावर दुमडली की खाचेच्या बरोबर समोर व्हाइटनरचा दुसरा थेंब देता येईल. त्यावर तीन आणि दोनही तपासता येतात. शिवाय शाफ्टला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा) लावला की बुश आणि लोब वेगळे होतील: शाफ्ट हलत नसेल आणि फरक तरीही असेल, तर लोब. डेल्को काढण्याआधी थेंब, काढल्यावर डायल.