ट्यूब बदलली, खरखर तशीच

६ जुलै

आषाढी. विठ्ठल मंदिरातून परत आल्यावर आत्याला वरच्या खोलीत माईकपुढे बसवलं. बाहेर बडोद्याच्या दांडिया बाजारात पाऊस कोसळत होता, आत पंखा बंद, अंगाला घामाच्या धारा. तिने भीमपलासीचा आलाप सुरू केला. मंद्रातल्या निषादावर ती थांबते न थांबते तोच हेडफोनमध्ये टक्, मग खर्र, मग पुन्हा टक्. नंतर तिला ऐकवलं तर म्हणाली, "अरे, आत बसून कोणी पापड मोडतंय का?"

माईक चार वर्षांचा, चिनी बनावटीचा, स्वस्तातला. नाव सांगत नाही, कारण हेच पोट डझनभर नावांच्या नळकांड्यांतून विकलं जातं. आवाज पकडणारी ३४ मिलिमीटरची कॅप्सूल, वेगळा पॉवर सप्लायचा डबा, माईक आणि डबा जोडणारी सात पिनांची केबल आणि आत एक १२एएक्स७ ट्यूब, म्हणजे कॅप्सूलचा क्षीण संकेत वाढवणारा काचेचा व्हॉल्व्ह. खरखर आली की आपण सगळे पहिलं बोट ट्यूबकडेच दाखवतो. मीही दाखवलं.

११ जुलै

बदली ट्यूब म्हणून १२एवाय७ मागवली, रशियन, साडेतीन हजार रुपयांची. घरात आकडा अर्धाच सांगितलाय.

हीच का, ते लिहून ठेवतो. १२एएक्स७ चा प्रवर्धन गुणांक (ट्यूब संकेत किती पट वाढवू शकते तो आकडा) १००, १२एवाय७ चा ४० ते ४४. जुन्या एकेजी सी१२ माईकमध्ये जी ६०७२ असायची ती याच १२एवाय७ची कमी गोंगाटाची बहीण. दोन्हींची पिनरचना एकच आणि फिलामेंटही सारखं: ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर, नाहीतर १२.६ वर १५०. त्यामुळे काढली आणि बसवली, एवढंच काम. नऊ पिनांची दिसते म्हणून ६डीजे८ ही दुसरी ट्यूब मात्र त्या सॉकेटमध्ये खुपसू नका, तिच्या नवव्या पिनचा अर्थच वेगळा आहे.

१५ जुलै

नव्या मंडळींसाठी आधी हे. सप्लाय बंद केला, भिंतीतला प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो, केबल सुटी केली आणि मगच माईकचं खालचं कडं फिरवून नळी सरकवली. आत १७० व्होल्टची बी प्लस, म्हणजे ट्यूबला लागणारा चढा दाब, असते आणि कपॅसिटर ती धरून ठेवतो. मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय बोट घालायचं नाही. चालू सप्लायवर सात पिनांची केबल ओढायची सवय असेल तर आजच सोडा.

जुनी ट्यूब हलकेच डोलवत वर काढली. नवीची एक पिन किंचित वाकडी होती, ती चिमट्याने सरळ करून बसवली. काचेवर सिलिकॉनची रिंग चढवली. सप्लाय जोडून प्लेटचा (ट्यूबमधून वाढलेला संकेत बाहेर पडतो त्या टोकाचा) दाब मोजला: जुन्या ट्यूबवर १२४ व्होल्ट होता, नवीवर ९२. नवी ट्यूब जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे हे अपेक्षितच. ग्रिडवर (कॅप्सूलचा संकेत ट्यूबमध्ये शिरतो त्या टोकावर) मीटर लावायच्या फंदात पडू नका. तिथला रोध एक गिगाओम, आपला मीटर त्यापुढे शॉर्ट सर्किटच म्हणायचा.

अर्धा तास तापू दिला. शांत! खरखर नाही. आत्याला खाली हाक मारून सांगितलंही.

१६ जुलै

"नवी ट्यूब किती शांत" असं लिहायला बसलो होतो, पण आधी मोजलं. फोनवरचा तानपुरा स्पीकरमधून लावला, माईक एक मीटरवर, माईकचा आवाज पुढे वाढवणाऱ्या प्रीॲम्पचा नॉब जागचा हलवला नाही. नवीवर पातळी साडेचार-पाच डीबीने (डेसिबलने) खाली. कागदावरही तेच येतं: १०० किलोओमच्या प्लेट रोधावर १२एएक्स७ साधारण ६१ पट देते, १२एवाय७ सुमारे ३५ पट. फरक ४.८ डीबी. मग नव्याची पातळी तेवढीच वर उचलून दोन्ही एकामागोमाग ऐकल्या. सूं-सूं जवळजवळ एकसारखी. आपण ज्याला "शांत" म्हणतो त्यातलं बरंचसं नुसतं "हळू" असतं.

एक फरक मात्र खरा. पेन्सिलच्या रबराने माईकच्या अंगाला टिचकी मारली की जुनी ट्यूब देवघरातल्या घंटेसारखी टण्ण वाजत राहायची, नवी फक्त ठप् करते. थोडं श्रेय सिलिकॉनच्या रिंगेचंही असेल, ती जुन्या ट्यूबवर नव्हती.

२० जुलै

खरखर परत आली. तीच, त्याच लयीत.

२३ जुलै

मांडवीजवळ एक म्हातारे रेडिओ दुरुस्तीवाले बसतात. व्हॉल्व्हच्या जमान्यातले, बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीच्या व्हॉल्व्हवर हात बसलेले. माईक त्यांनी कधी उघडला नसेल, पण मी सगळं सांगितलं तेव्हा मान वर न करता विचारलं, खरखर मशीन लावल्या लावल्या येते की तापल्यावर? मी म्हटलं, लावल्या लावल्या, तासाभराने कमी होते. "भेज लागी गयो छे, भाई," म्हणाले आणि पुन्हा स्पीकरच्या तारेला लागले.

भेज म्हणजे ओल. आम्ही बडोद्याचे मराठी लोक घरातही हाच शब्द वापरतो, मिठाच्या बरणीपासून भिंतीपर्यंत. माईकबाबतच कसा सुचला नाही? १५ तारखेला अर्धा तास तापवून ऐकलं, १६ला तर दिवसभर चालू होता. २० तारखेला लावला तसा लगेच ऐकला. ट्यूबने काहीच दुरुस्त केलं नव्हतं, उष्णतेने तेवढ्यापुरतं वाळवलं होतं.

२६ जुलै

पुन्हा नळी काढली, या वेळी बॅटरी आणि भिंग घेऊन. ग्रिडच्या पिनपासून गिगाओम रोधापर्यंत बोर्डावर पिवळट, चिकट थर: कारखान्यातलं फ्लक्स, म्हणजे डाग देताना लावतात तो चिकट पदार्थ, कुणी पुसलंच नव्हतं. शेजारी एक ठसा, बहुधा माझ्याच अंगठ्याचा, दोन वर्षांपूर्वी उगाच उघडून पाहिलं होतं तेव्हाचा.

कॅप्सूल सुमारे ७० पिकोफॅरॅडची धरली तर एक गिगाओमबरोबर माईकला ऐकू येणाऱ्या खर्जाची सीमा सव्वादोन हर्ट्झपर्यंत खाली उतरते. त्या चिकट थरावर पावसाळी हवा बसली आणि गळतीची वाट १०० मेगाओमची झाली, की हीच सीमा २५ हर्ट्झच्या आसपास येते. ते एकवेळ कानाला कळणार नाही. पण ती वाट स्थिर नसते, क्षणोक्षणी तुटते-जुळते, आणि तोच आत्याचा पापड.

कॅप्सूलवर स्वच्छ पिशवी बांधली, कारण अल्कोहोल आतल्या नाजूक पडद्यावर गेलं तर तो बिघडू शकतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल, मऊ ब्रश, दोनदा धुतलं. रोध, सॉकेटचा तळ, कॅप्सूलच्या तारेचा सांधा, सगळं. रात्रभर लाडवांच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलं. डबा कुठे गेला म्हणून सकाळी आईने घर डोक्यावर घेतलं.

२ ऑगस्ट

सात दिवस पाऊस, सात दिवस शांतता, तीही लावल्या लावल्या. मग मनाचा हिय्या करून जुनी १२एएक्स७ परत बसवली. तीही शांत. साडेतीन हजारांचा हिशोब इथे संपतो.

तरी १२एवाय७ पुन्हा बसवलीय आणि ती तिथेच राहणार. भजनात झांजा सुरू झाल्या की प्रीॲम्पचा आवाज फार चढल्याचा लाल दिवा लागायचा, आता पातळी कमी म्हणून लागत नाही. जुनी ट्यूब कागदात गुंडाळून तारखेसह ठेवली. माईक वापरून झाला की थेट डब्यात जातो (आईसाठी दुसरा डबा आणला).

सप्लायमध्ये १०० हर्ट्झची बारीक गुणगुण अजून आहे, आत्या थांबली की ऐकू येते. गाळणीचे कपॅसिटर मागवलेत. आत्याने विचारलं, "आता यात काय मोडतंय?" मी म्हटलं, "काही नाही गं, भुंगा आहे." तो गेला की मग भीमपलासी पुन्हा पहिल्यापासून.